दगडांचं भाडं

एका खाडीच्या मुखाशी एक बंदर होतं. तिथे भिकशेट आणि नागशेट या दोन व्यापाऱ्यांच्या वखारी एकमेकींना लागून होत्या. दोघेही तांदळाचे व्यापारी. दोघांचाही माल समुद्रापार मस्कतला जाई.

भिकशेटची वखार मोठी होती. पण मस्कतचे व्यापारी आधी नागशेटचा तांदूळ मागत. नागशेट तांदूळ चाळून, खडे निवडून भरी, एवढंच कारण होतं. भिकशेटला ते दिसत नसे. त्याला फक्त नागशेटच्या दारातल्या बैलगाड्या दिसत. पलीकडून नागशेटचं हसणं ऐकू आलं की भिकशेटचा घास तोंडातच फिरे.

एका वर्षी दिवाळीनंतर नवा तांदूळ आला. मस्कतपर्यंत जाईल असं गलबत बंदरात एकच होतं, इब्राहिम नाखव्याचं. नाखवा म्हणाला, "शेट, गलबत मोठं आहे. दोघांचा माल एकत्र भरा. भाडं वाटून जाईल, दोघांनाही स्वस्त पडेल."

नागशेट लगेच तयार झाला. भिकशेट मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेच नाखव्याकडे गेला आणि म्हणाला, "सगळं गलबत माझं. जाण्यायेण्याचं सगळं भाडं मी देतो. त्याचं एक पोतं चढता कामा नये."

"पण तुमच्या मालानं निम्मंच भरेल," नाखवा म्हणाला. "हलकं गलबत लाटेवर कलंडतं. तळाशी दगड भरावे लागतील. म्हणजे शेट, तुम्ही दगडांचं भाडं भरणार."

"दगड भर. पण त्याचा तांदूळ नको."

घरी बायकोला हे कळलं. द्वारकाबाई म्हणाली, "अहो, त्याची पोती धक्क्यावर राहिली म्हणून तुमची दुप्पट होणार आहेत का?"

भिकशेटने पायात जोडे सरकवले. तो धक्क्यावर गेला. नागशेट आपल्या पोत्यांच्या थप्पीशेजारी उभा होता. चेहरा उतरलेला. तो चेहरा पाहून भिकशेटला इतकं बरं वाटलं की गलबताच्या तळाशी दगड आदळत होते, तो आवाजही त्याला गोड लागला. आपल्या मालाबरोबर तो स्वतःही मस्कतला निघाला.

नागशेट दोन दिवस सुन्न होता. माल इथेच राहिला तर पावसाळ्यात कीड लागणार हे त्याला माहीत होतं. मग तो उठला आणि होडीने शेजारच्या बंदरात गेला. सुपारीवाले, नारळवाले, त्याच्यासारखेच अडलेले लहान व्यापारी त्याने बरोबर घेतले. तिथे मस्कतचं एक गलबत उभं होतं. खजूर घेऊन आलं होतं आणि रिकामंच परत निघालं होतं.

नागशेटने विचारलं, "आमचा माल न्याल का?"

त्या गलबताचा मालक हसला. "रिकामं जाण्यापेक्षा थोडं भाडं मिळालेलं काय वाईट? भरा."

होड्यांनी पोती तिथे आणून सगळ्यांचा माल भरला. भाडं वाटून गेलं, प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडं आलं. मालाबरोबर नागशेटही निघाला.

मस्कतच्या बाजारात भिकशेट आधी पोचला. पण त्याने दर एवढा चढा सांगितला की गिऱ्हाईक ऐकून पुढे जाई. दर उतरवावा तर भाडंही सुटत नव्हतं. तो वाट पाहत बसला. तेवढ्यात नागशेटचा माल उतरला आणि सकाळच्या सकाळी विकला गेला.

भिकशेट एका बड्या व्यापाऱ्यावर चिडला. "माझ्या तांदळात काय खोट आहे?"

व्यापाऱ्याने मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला. "थोडे खडे आहेत, ते नेहमीचेच. पण तुझ्या गलबतात तांदळाबरोबर काय आलं, ते खलाशांनी बाजारभर सांगितलंय. तुझ्या दगडांचं भाडं मी का देऊ?"

शेवटी भिकशेटला सगळा तांदूळ तोट्यात काढावा लागला. संध्याकाळी नागशेट त्याच्याकडे आला. "भिकशेट, परत जाताना खजूर न्यायचा म्हणतोय. तुमच्या गलबतात जागा असेल तर दोघं मिळून भरू. भाडं निम्मं निम्मं."

भिकशेटने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा आहे का ते तो शोधत होता. तिथे टोमणा नव्हता. त्यामुळे त्याला आणखीच झोंबलं. 'हो' हा शब्द ओठांवर आला, पण आपल्या गलबतावरून नागशेटचा खजूर बंदरात उतरतोय आणि लोक बघताहेत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"जागा नाही," तो म्हणाला.

नागशेट निघून गेला. इब्राहिम नाखवा जवळच उभा होता. त्याने आपल्या रिकाम्या गलबताकडे पाहिलं, मग भिकशेटकडे पाहिलं आणि शीड चढवायला सांगितलं. भिकशेट अख्ख्या गलबताचं परतीचं भाडं मोजून एकटाच घरी गेला.

तात्पर्य: मत्सरापोटी जो दुसऱ्याची वाट अडवतो, त्याला त्या अडवणुकीचं भाडं स्वतःच भरावं लागतं.