थरथरण्याचे एकच रूप

एका वृद्ध भाषापंडितांकडे वैजयंती नावाची शिष्या स्वीडिश शिकत असे. गुरुजींचे कान पार निकामी झाले होते; म्हणून ती पाटीवर लिही आणि ते बोलून उत्तर देत.

एके सकाळी मिरजेच्या एका रुग्णालयातून निरोप आला. गड उतरताना पडलेल्या स्वीडिश प्रवाशावर तातडीने शस्त्रक्रिया करायची होती. तो बेशुद्ध होता. त्याची वृद्ध पत्नी भयाने येत असलेली इंग्रजीही विसरून बसली होती. दुभाषी हवा होता. गाडी दारात उभी होती.

वैजयंतीच्या मनात आले, एक शब्द चुकला तर? तिने पाटीवर लिहिले, "मला जमणार नाही. हात थरथरताहेत."

गुरुजींनी वाचले आणि ते म्हणाले, "भयाने थरथरणे म्हणजे स्वीडिशमध्ये 'बेव्हा'. त्याची वर्तमानकाळाची रूपे लिही. सगळी."

बाहेर भोंगा वाजत होता. ही काय व्याकरणाची वेळ? तरी तिने खरडले: मी बेव्हार, तू बेव्हार, ती बेव्हार, राजा बेव्हार.

"फरक दिसतो कुठे?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"आपल्याकडे मी थरथरतो, तू थरथरतेस. तिथे सर्वांना एकच रूप. राजालाही. आणि मूळ पाहा. जाणकार त्याचे नाते संस्कृतातल्या 'बिभेति'शी जोडतात. 'भी' म्हणजे भिणे. हा धातू चालवताना आरंभीच अडखळतो, पहिला आवाज दोनदा काढतो, बि-भेति, भ्यालेल्या माणसासारखा. पण अडखळूनही क्रियापद पुरे होते, बाळ. जा आता."

रुग्णालयात ती वृद्धा भिंतीला टेकून उभी होती. वैजयंतीला पाहताच पुटपुटली, "याग बेव्हार." मी थरथरते आहे.

"याग ऑक्सो," वैजयंती म्हणाली. मीसुद्धा. आणि तिने वृद्धेचा हात हाती घेतला.

डॉक्टरांनी विचारले, रुग्णाला कोणते औषध सोसत नाही? वृद्धेचे उत्तर वैजयंतीला नीट कळले नाही. लाज गिळून तिने पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा. तेव्हा वृद्धेने पर्समधून एक जुने कार्ड काढून पुढे केले. त्यावर लिहिले होते: पेनिसिलिन. परिचारिकेने भरून ठेवलेले इंजेक्शन बाजूला सारले.

सायंकाळी रुग्णाने डोळे उघडले. वैजयंती घरी निघाली, तेव्हा वाटेत तिच्या ध्यानात आले, की 'घाबरू नकोस' असे गुरुजी तिला एकदाही म्हणाले नव्हते.