निवटीचं बीळ

"आणि आभार कुणाचे मानलेस?"

डॉ. अंबुजा रेगे यांनी शोधनिबंध वाचून मांडीवर ठेवला. खाडीकाठच्या त्या छोट्या संशोधन केंद्रात चाळीस वर्षं त्यांनी माशांचं वागणं पाहिलं होतं. समोर बसला होता त्यांचा विद्यार्थी, निरंजन उकिडवे. निवटीच्या अंगातलं एक एन्झाइम त्यानं शाबूत वेगळं काढलं होतं. निवटी म्हणजे ओहोटीच्या चिखलावर उड्या मारत फिरणारा मासा. निबंध उद्या पाठवायचा होता.

"तुमचे, बाई. प्रयोगशाळेचे. घरच्यांचे."

"पहिली दोन वर्षं तर काहीच हाती लागलं नव्हतं."

"नाहीच. दर वेळी एन्झाइम खराब निघायचं. मी चिखलात धावून धावून निवट्या पकडायचो. मग खाडीवर मासे धरून विकणाऱ्या चांगुणामावशी म्हणाल्या, दमवून धरलेली निवटी बिघडते. बिळाशी गप बसा, ती आपणहून वर येते. त्यांनी तशा धरून दिल्या, आणि जमलं."

"त्यांचं नाव दिसलं नाही."

निरंजन हसला. "बाई, एन्झाइम म्हणजे काय, हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही."

 जेवणाचा डबा उघडाच होता. रेगेबाईंनी नुसत्या भाताचा एक घास त्याच्या हातावर ठेवला.

"गिळू नकोस. चावत राहा."

तो चावत राहिला...

"कसा लागतोय?"

"गोड."

"का?"

"लाळेतलं एन्झाइम भातातल्या पिठाची साखर करतं."

"हे तुला कधी कळलं?"

"शाळेत. सातवीत असताना."

"आणि सहावीपर्यंत भात गोड लागत नव्हता?"

निरंजन चावायचा थांबला...

त्याची नजर खाडीकडे गेली. वैशाखातली ती दुपार त्याला आठवली. त्यानं गावी परत जायला बॅग भरली होती. चांगुणामावशी टोपली घेऊन दारावरून चालल्या होत्या. त्याचा चेहरा पाहून थांबल्या. आपला बाजार बुडवून त्याच्याशेजारी गुडघाभर चिखलात बसल्या. एक बीळ, मग दुसरं बीळ. निवटी आपणहून वर येईपर्यंत.

त्या दिवशी तो त्यांना साधं 'बरं झालं, आलात' असंही म्हणाला नव्हता.

तो उठला. निबंध घेऊन खाडीकडे निघाला. मागून बाईही निघाल्या, काठी टेकत.

चांगुणामावशी काठावर जाळं झटकत होत्या. निरंजननं पेन काढलं, आभाराच्या यादीत सगळ्यांत वर त्यांचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. 

"मावशी, तुम्ही नसता तर हे झालंच नसतं. मी फार उशिरा सांगतोय."

मावशींनी पदरानं हात पुसले आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे लोकं वाचतील?"

"वाचतील. लांबलांबचे."

"मंग त्यांना आणिक एक सांग. पावसाच्या तोंडाला निवटीचा नर धरू नका म्हणावं."

"का?"

"बिळात पानी भरलं, की तो वर येतो, तोंड भरून वारा घेतो नि खाली नेऊन सोडतो. अंड्यांपाशी. दिवसभर खेपा घालतो. बापाला उचलला, की अंडी गुदमरून जातात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या आयेनं. ती बिळाला कान लावायची."

निरंजननं वळून बाईंकडे पाहिलं.

रेगेबाईंनी काठी बाजूला ठेवली होती. पांढऱ्या स्वच्छ लुगड्यानिशी त्या ओल्या चिखलात चांगुणामावशींच्या पायाशी बसल्या होत्या. पिशवीतून त्यांनी वही काढली.

"चांगुणाबाई, जरा सावकाश सांगा. आम्ही दोघं लिहून घेतोय."