तीन मजल्यांचं तळं

करंजाच्या रानात एक निळंशार तळं होतं. त्याच्या काठी सुगी नावाची भोयाची पोर आपल्या बापाबरोबर राहायची. तळ्यातले मासे रोडावले होते. सकाळभर जाळं टाकावं, तर हाती यायचे मळे जातीचे बोटाएवढे चार मासे. बा म्हणाला, "सुगे, पुनवेपर्यंत बघतो. नाहीतर मी वीटभट्टीवर जातो, तू मावशीकडं राहा."

सुगी काठावर जाऊन बसली आणि आपल्या चतकोर भाकरीतला निम्मा चुरा तिनं पिटुकल्या मळ्यांना टाकला. तोच एक कमळकळी उमलली. आतून अंगठ्याएवढी परी निघाली, मोरपंखी पंखांची.

"स्वतः उपाशी, आणि वाढतेस यांना?"

"ते माझ्याहून लहान आहेत, परीबाई."

परीनं दोन शिंपले पुढं केले. एकात सोनेरी पिल्लू सळसळत होतं. "हा मासा पंधरा दिवसांत वासराएवढा होतो." दुसऱ्यात रुपेरी, गुलाबी बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, चमचमत होत्या. "यांना वाढायला वर्ष लागेल. एकच शिंपला माग. पाण्यात सोडलेलं मला परत काढता येत नाही, म्हणून आधी एक प्रश्न विचार. एकच."

'बा राहील का?' ओठांवर आलं होतं. पण सुगीची नजर मळ्यांकडं गेली. "सोनेरी मासा खातो काय?"

आमच्या शेजारच्या गणूतात्यांनी एकदा घोडा घेतला. चाल पाहिली, दात मोजले, वैरण किती लागते ते विचारायचं राहिलं. दिवाळीपर्यंत घोडा गुबगुबीत आणि तात्या रोड. पोरगी तात्यांपेक्षा शहाणी.

"पाण्यात पोहतं ते सगळं खातो," परी म्हणाली. "हे मळेसुद्धा."

सुगीनं डोळे पुसले. "मग दुसरा शिंपला द्या. मी राहीन मावशीकडं."

परी हसली. "आता न विचारलेलंही सांगते. यातला कटला वरच्या पाण्यात जेवतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तीन मजली घर, कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. पण रोज कोंडा टाकायला आणि बगळे हाकायला काठावर मोठं माणूस हवं."

"म्हणजे बा?"

"तोच. आणि तोवर पोटाला हे घे." तिनं पंखानं पाणी शिवलं. मळ्यांची अंडी मोत्यांसारखी लखलखली. पुनवेला बापाची टोपली मळ्यांनी काठोकाठ भरली, आणि तो भट्टीवर गेलाच नाही.

वर्षानं सुगीनं पहिला कटला आपल्या हाताशेजारी ठेवून मापला. हाताएवढाच भरला. बा म्हणाला, "आणि तुझा हात वाढला तो?"

कमळावर बसलेली परी खुदकन हसली, तिचे पंख उन्हात उजळले, आणि पाहता पाहता ती तळ्यावरच्या लख्ख उजेडात मिसळून गेली.

सुगीनं त्या दिवशी मळ्यांसाठी अख्खी भाकरी कुस्करली.