किरा-स्मारोचे अडीच मीटर

ज्यांनी ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली त्यांच्यातलं आता कोणी उरलेलं नाही. तरी ग्रीसमधल्या त्या लहानशा बंदरात कोणालाही विचारा, तो हातातलं काम बाजूला ठेवेल आणि सांगायला बसेल. प्रत्येकाच्या सांगण्यात माणसांचा आकडा वेगळा असतो. पण घर तेच, आणि बाईही तीच.

फार वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली आणि समुद्रापलीकडची ग्रीक माणसं आपली घरं सोडून, होड्या भरभरून त्या बंदरात उतरली. त्यांच्या गावाचं नाव मेलिसोनी. ते गाव त्यांना पुन्हा दिसणार नव्हतं. बंदरातल्या लोकांनी त्यांना राहायला गावाबाहेरची खारट, पाणथळ जमीन दाखवली. तिला त्यांनी नवं मेलिसोनी म्हटलं. भाषा एकच होती, देवही एकच होता. पण ही माणसं जवळजवळ प्रत्येक भाजीवर दही ओतून खायची, म्हणून बंदरातले लोक त्यांना हसायचे. "आमचा बाप्तिस्मा पाण्याने झाला, यांचा दह्याने!" असं भर बाजारात ओरडायचे.

त्या माणसांत स्मारो नावाची एक विधवा होती. आपण जसं काकू म्हणतो तसं तिकडे मोठ्या बाईला किरा म्हणतात, म्हणून ती सगळ्यांची किरा-स्मारो. ती लोकांची घरं आणि अंगणं चुन्याने रंगवायची. ईस्टरचा सण जवळ आला की तिला श्वास घ्यायला फुरसत नसायची. तिच्या चुन्यात चिमूटभर नीळ असायची. तिने रंगवलेल्या भिंतीकडे बघून उन्हातही डोळ्यांना गार वाटायचं, असं म्हणतात.

येताना तिने दोनच वस्तू आणल्या होत्या. एक देवापुढचा दिवा आणि दुसरा नवऱ्याचा लाकडी गज. नवरा तिकडे कापड विकायचा; तिकडचा गज आपल्या गजापेक्षा बराच आखूड.

पहिली अकरा वर्षं ती तंबाखूच्या एका रिकाम्या गोदामात राहिली. तिथे खोल्या नव्हत्या. एक कुटुंब संपून दुसरं सुरू व्हायचं तिथे घोंगडी टांगलेली असायची. कोणी शिंकलं की चार कुटुंबं एकदम "देव भलं करो" म्हणायची. बाराव्या वर्षी तिचा नंबर लागला आणि तिला घर मिळालं. घर म्हणजे फळ्यांची एक खोली, वर पत्रा. पहिल्या दिवशी तिने दार सत्तर वेळा लावलं आणि उघडलं, असं म्हणतात. शेजारणीने विचारलं, "किरा, दार बिघडलंय का?" तेव्हा ती म्हणाली, "नाही गं. घोंगडीला कडी नसते."

आता फुटबॉलचं सांगायला हवं. नव्या मेलिसोनीतल्या पोरांनी खाजणाचा एक तुकडा भरून सपाट केला होता. एका टोकाला समुद्राचे खडक, दुसऱ्या टोकाला किरा-स्मारोचं घर. त्या बाजूच्या गोलचे खांब तिच्या मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेले होते. जाळी नव्हतीच. गोल झाला की चेंडू थेट भिंतीवर आदळायचा, फळीवरचे कप खणखणायचे, आणि आतून आवाज यायचा, "लागला रे लागला! कोणी मारला?"

पोरांकडे एकसारखे शर्ट नव्हते. किरा-स्मारोने सगळ्यांच्या बनियन गोळा केल्या आणि निळीच्या पाण्यात बुडवून काढल्या. त्या दिवसापासून संघाचा रंग आभाळी झाला. संघाचं नाव ठेवायला कोणाला विचार करावाच लागला नाही. दर रविवारी मैदानाभोवती चारशे माणसं उभी राहायची आणि एका आवाजात ओरडायची, "मेलिसोनी! मेलिसोनी!" त्यात फुटबॉल न कळणाऱ्या म्हाताऱ्याही असायच्या. बाकी सहा दिवस ते नाव घ्यायला कुठे जागाच नव्हती.

एका उन्हाळ्यात लीगचं पत्र आलं. कॉफीचं दुकान चालवणारे प्रोद्रोमोस हे क्लबचे चिटणीस. म्हाताऱ्या माणसाला तिकडे बारबा म्हणतात. बारबा-प्रोद्रोमोसनी पत्र मोठ्याने वाचलं. संघाला लीगमध्ये घेऊ, पण मैदान शंभर मीटर लांब पाहिजे; मोजायला साहेब येतील. लीगमध्ये गेलं की संघाचं नाव दर सोमवारी वर्तमानपत्रात छापून येणार होतं. सगळ्या देशात ते गाव पुन्हा वाचलं जाणार होतं. हे ऐकून एक म्हातारी तिथेच रडायला लागली.

"लांबी मी मोजते," किरा-स्मारो म्हणाली. "तीन गज म्हणजे दोन मीटर. माझा माणूस असंच मापायचा."

तिकडे सगळेच असं मापायचे. म्हणून कोणाला शंका आली नाही. तिने गुडघ्यांवर बसून, गजापुढे गज ठेवत दीडशे गज मोजले आणि निळसर चुन्याच्या रेघा ओढल्या. त्या रेघा इतक्या सरळ होत्या की त्यांवरून चालताना मुंग्याही वळायच्या नाहीत, असं म्हणतात.

साहेब आले, एका भर दुपारी. त्यांच्याकडे पोलादी फीत होती. त्यांनी एकदा मोजलं, घाम पुसला, परत मोजलं.

"साडेसत्त्याण्णव," ते म्हणाले. "अडीच मीटर कमी."

बारबा-प्रोद्रोमोसनी साहेबांना गज दाखवला, तीन गजांचा हिशोब सांगितला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी गजाला फीत लावून पाहिली. "आजोबा, तुमचे तीन गज दोन मीटरला थोडे कमी पडतात," ते म्हणाले. "सदऱ्याच्या कापडात ते कळत नाही. दीडशे गजांत कळतं." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी बंदरावर जेवतो. पाचच्या बोटीने मला परत जायचंय आणि उद्या यादी बंद होते. जाण्याआधी एकदा फीत लावीन."

एका टोकाला खडक. दुसऱ्या टोकाला रेघ अडीच मीटर मागे नेली तर ती किरा-स्मारोच्या चुलीवरून जाणार होती.

सगळे ते समजले आणि सगळ्यांनी मान खाली घातली. संघाचा कप्तान अनेस्तिस हा गोदामातल्या घोंगडीपलीकडे वाढलेला मुलगा होता. तो म्हणाला, "जाऊ दे. लीग नको. किराला कोणी काही बोलायचं नाही."

"चूक तिची एकटीची नाही," बारबा-प्रोद्रोमोस म्हणाले. "मीही तेच माप सांगितलं असतं."

किरा-स्मारो आपल्या घरात गेली आणि तिने कडी लावली. आत ती काय करत होती ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं ती देवाशी भांडली, कोणी म्हणतं नवऱ्याशी. अनेस्तिसने दाराशी उभं राहून हाक मारली, "किरा, आम्हाला काही नको. तू फक्त बाहेर ये."

"मी एकदा घर सोडलंय पोरा," आतून आवाज आला. "शेगडीवर डाळ शिजत होती, ती तशीच राहिली. पुन्हा नाही सोडणार."

"म्हणून तर म्हणतो, लीग नको."

मग कडी निघाली. किरा-स्मारो चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन बाहेर आली. साहेबांनी शंभर मीटरची खूण जिथे केली होती तिथून तिने रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ घराच्या भिंतीपर्यंत आली. ती दाराने आत गेली. लोकांनी दारातून पाहिलं, ती गुडघ्यांवर बसून स्वतःच्या जमिनीवर, पलंगाच्या पायापासून चुलीपर्यंत, तीच रेघ ओढत होती. मग ती बाहेर आली आणि पलीकडच्या भिंतीपासून पुढे निघाली. रेघ कुठेही हलली नव्हती.

"आता बघत काय बसलात?" ती म्हणाली. "घर उचला."

"उचला म्हणजे? मोडायचं ना किरा?"

"मोडायचं नाही. उचलायचं. आणि मी आत बसणार. मागच्या वेळी मी गेले आणि घर राहिलं. या वेळी घर घेऊन जाईन."

ती आत गेली, पलंगावर बसली आणि दिवा मांडीवर धरला.

पोरांनी घराला खांदे लावले. घर कुरकुरलं, पण हललं नाही. पुन्हा लावले. एक फळी मोडली. तेवढ्यात बंदराकडून कोणी तरी जोरात हसलं. तो कोंदिलिस नावाचा कोळी होता, बाजारात दह्यावरून सगळ्यात जास्त ओरडणारा. साहेब त्याच्याच पंगतीला जेवत होते, त्यांच्याकडून त्याला सगळं कळलं होतं.

"अरे दह्याच्या पोरांनो," तो म्हणाला, "घर असं ढकलतात का? किनाऱ्यावर होडी कशी ओढतात ते कधी पाहिलं नाही?"

"तू ओढून दाखव मग," अनेस्तिस रागाने म्हणाला.

"दाखवतो. बाजूला हो."

तो परत गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, चेष्टा करून गेला. पण तो आला तेव्हा त्याच्यामागे बंदरातले सगळे कोळी होते. त्यांच्या खांद्यांवर होड्या ओढायचे गोल ओंडके होते, दोर होते आणि एका डब्यात मेंढीची चरबी होती. त्यांनी ओंडक्यांना चरबी फासली, ते घराखाली सरकवले आणि दोर बांधले. बंदरातली माणसं आणि मेलिसोनीची माणसं एकाच दोराला लागली. कोंदिलिसने होडी ओढतानाची आरोळी दिली, "एया... लेसा!" आणि सगळे ओरडले, "एया... लेसा!"

घर निघालं.

चाळीस माणसं होती असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं चारशे. घर वीस पावलं गेलं आणि मैदानाच्या कोपऱ्यावर, जिथे पोरं कपडे बदलायची, तिथे जाऊन थांबलं. वाटेत पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली नाहीत. मांडीवरचा दिवा विझला नाही. शेगडीवर ठेवलेल्या कॉफीचा फेससुद्धा मोडला नाही, असं म्हणतात. घर थांबलं तेव्हा किरा-स्मारोने दार उघडलं आणि समोर घामाने निथळणारा कोंदिलिस दिसला.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

"दही नसेल तर घेतो," तो म्हणाला. आणि ती इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली.

साहेब परत आले. त्यांनी फीत लावली. शंभर मीटर आणि वर चार बोटं. त्यांनी चष्मा पुसला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"दुपारी इथे एक घर होतं."

"होतं साहेब," बारबा-प्रोद्रोमोस म्हणाले. "जरा फिरायला गेलंय."

पुढच्या सोमवारी वर्तमानपत्रात, यादीच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत मेलिसोनी छापून आलं. तो कागद हातोहात फिरून इतका मऊ झाला की शेवटी त्याचं कापड झालं, असं म्हणतात.

लीगचा पहिला सामना होता तेव्हा पाहुण्या संघाचा गोलकीपर नेमका त्या टोकाला उभा राहिला. खांब आता जुन्या चुलीच्या जागी रोवले होते. किरा-स्मारो कोपऱ्यावरच्या आपल्या दारात बसली होती. तिने त्याला हाक मारली, "अरे बाळा, तू माझ्या स्वयंपाकघरात उभा आहेस. न विचारता आलास?"

लोक हसले. तो गोलकीपर उंच, लाजाळू मुलगा होता. त्याला कोणी शिकवलं, की कोणाच्याही घरी जाताना वागतात तसं तो आपणहून वागला, ते कळत नाही. पण त्याने मागे जाऊन खांबावर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "किरा, आत येऊ का?"

किरा-स्मारो उठून उभी राहिली. अकरा वर्षं तिच्या घोंगडीवर कोणी टकटक करू शकलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली, "आत ये."

मेलिसोनी तो सामना चार गोलांनी हरली. ते कोणी सांगत नाही.

किरा-स्मारो जाऊन आता खूप वर्षं झाली. फळ्यांचं घर कधीच कुजून गेलं. क्लब मोठा झाला, खेळाडू दूरदेशांतून येऊ लागले, खाजणावर सिमेंटचे स्टँड उभे राहिले. उन्हाळ्यात गवत पिवळं पडतं तेव्हा त्या गोलसमोर एका खोलीएवढा चौकोन हिरवा राहतो, असं म्हणतात. माळी सांगतो की पाणी सगळीकडे सारखंच असतं.

आणि सामना सुरू व्हायच्या आधी अजून एक गोष्ट होते. त्या टोकाला कोणताही पाहुणा गोलकीपर आला की सगळं स्टेडियम गप्प होतं. ढोल थांबतात. पंच शिट्टी तोंडाशी नेऊन तशीच धरतात. ज्याला ठाऊक असतं तो टकटक करतो. ज्याला ठाऊक नसतं तो गोंधळून इकडेतिकडे बघतो, मग त्याच्याच संघातला कोणी तरी धावत येऊन कानात सांगतो. तो हातमोजा काढतो. खांबावर दोनदा बोटं वाजवतो.

आणि आठ हजार माणसं एका आवाजात म्हणतात, "ये, आत ये!"

मग पुढची पंचेचाळीस मिनिटं ती सगळी शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवतात.