चाखाईच्या दगडावरचे दोन खळगे

हात थांबवू नका हं. जेवता जेवता ऐका. चाखाईची गोष्ट रिकाम्या पोटी सांगायची नसते, आणि ऐकायची तर मुळीच नाही.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार म्हणाल, तर लोखंड अजून कुणी पाहिलं नव्हतं. गारगोटीच्या पात्यांनी कणसं कापायची, टोकदार काठीनं जमीन उकरायची, असा तो काळ. तेव्हा आमची माणसं या माळावर नव्हती. खाली नदीकाठी राहायची, गाळात जव पेरायची, मासे धरायची. बरं चाललं होतं. मग पाऊस आखडला. एका वर्षी कमी, पुढच्या वर्षी त्याहून कमी, असं करता करता पोरं म्हातारी झाली तरी तो सुधारला नाही. नदीची डबकी झाली, डबक्यांचा चिखल झाला, जव पोटरीला येण्याआधीच करपायला लागले. काही घरं पाण्याच्या मागं मागं खाली गेली, ती गेलीच. उरलेली हा मुरमाड माळ चढून वर आली, कारण इथं दगडाच्या फटीतसुद्धा एक गवत दाणे धरत होतं. तोच हा कोद्रा. त्याला गाळ नको, ओल नको. चार सरी आल्या तरी हा आपला उभा.

पण त्याची एक खोड होती. अजून आहे मेल्याची. कणसं पिकल्यावर उशिराचा पाऊस आला, धुकं बसलं, की कोद्रा मातायचा. दिसायला तोच दाणा, वास तोच. खाल्ला की डोकं गरगरायचं, हातपाय कापायचे, जीभ अडखळायची. अंगात ताकद असली तर माणूस उठायचं, नसली तर नाही. एका शेतातला चांगला, तर बांधापलीकडचा मातलेला. ओळखायचा कसा? खाऊनच.

त्या वस्तीत शेवरी नावाची एक तरणी सून होती. वर आल्यावर पहिल्याच सुगीला तिच्या घरानं नवा कोद्रा शिजवला. नवरा जेवला, सासू जेवली, मांडीवरची लेक दोन घास जेवली. सून सगळ्यांच्या मागून जेवायची, म्हणून शेवरीच्या वाट्याला मडक्याची खरवड आली. सकाळी त्या घरात ती एकटीच उठली.

आता कुणी तिला जवळ घ्यावं की नाही? घेतलं नाही. लोक म्हणाले, हिला धान्य ओळखतं, हिलाच चाखू दे.

झालं. तेव्हापासून नव्या कोद्र्याचा पहिला घास शेवरीचा. वस्तीच्या वर, वाऱ्याच्या तोंडावर एक काळा सपाट दगड आहे. रोज एकेका खळ्यातला मूठभर कोद्रा घेऊन तिनं एकटीनं तिथं जायचं, रांधायचं, खायचं आणि बसून राहायचं. दिवस कलताना ती आपल्या पायांनी खाली आली तर धान्य चांगलं, मग वस्तीत चुली पेटायच्या. नाही आली, तर ती रास कणगीत लिंपून ठेवायची आणि पुढं कधीतरी मद उतरला की खायची. रीत शहाणपणाची होती. तिच्यामुळं किती पोरं जगली कोण जाणे. शेवरीची चाखाई झाली ती अशी.

पण माणसांची अक्कल पुढं चालली नाही. त्यांना वाटायचं, हा मद पानावरून लागतो. मातलेलं खाणारीच्या शेजारी बसून जेवलं, की आपल्यालाही धरतो. म्हणून तिच्याबरोबर कुणी जेवायला बसेना. सुगीतच नव्हे, बारा महिने. तिची झोपडीही वर दगडापाशी गेली. तिची जाऊ म्हाळी रोज पळसाच्या पानावर तिचं जेवण घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत यायची, एका धोंड्यावर ठेवायची आणि वर तोंड करून हाक मारायची, "शेवरेऽ, ठेवलंय गं!" मग मागं न बघता उतरायला लागायची.

म्हाळी काही वाईट नव्हती. नदीकाठी दोघी एका घरात नांदलेल्या, एका उखळात कांडलेल्या; माळावर आल्यावर म्हाळीची चूल वेगळी झाली, एवढंच. पण तिच्या पदरात लेकरं होती, तिला भीती वाटायची. एकदा शेवरी पळत आली आणि म्हाळी वळायच्या आत धोंड्यापाशी पोचली.

"बस की गं जरा. खाऊ नकोस, नुसती बस."

"पोरं एकटी आहेत घरात," म्हाळी म्हणाली आणि गेली.

शेवरीनं ते जेवण उचललं आणि वर नेऊन गार झाल्यावर खाल्लं. तिला दुसरं काही नको होतं हो. एका माणसानं समोर बसावं आणि दोघींनी बरोबर घास उचलावा, एवढंच.

असं म्हणतात, की त्या दिवसापासून ती दगडावर दोन जागी वाढायला लागली. एक आपलं, एक समोरचं. समोरच्या रिकाम्या जागेला म्हणायची, "घे गं, लाजू नकोस." कुणी घ्यायचं नाही. मग थोडा वेळ वाट बघून तेही तीच खायची. आणि रांधण्याआधी त्या समोरच्याच्या नावानं चार दाणे दगडाच्या फटीत टाकायची. पुढच्या पावसात फटीफटींतून कोद्रा उगवला. तिनं तो चाखला. पाऊस असो, धुकं असो, वरचा कोद्रा कधी मातला नाही. तिथं वाराच असा, की कणसावर ओल ठरत नाही. खाली खोलगटात माती जास्त म्हणून सगळी वस्ती तिथं पेरायची, आणि धुकं नेमकं तिथंच साचायचं. शेवरीनं हे म्हाळीला किती वेळा ओरडून सांगितलं! पण तोवर म्हाळी लांब गेलेली असायची, आणि वारा उलटा.

मग ते वाईट वर्ष आलं. कणग्या तळाला गेल्या, पोरं रानातले कंद चघळून झोपायला लागली. त्यात सुगीच्या तोंडावर धुकं बसलं. सगळ्या वस्तीचं मिळून एकच खळं भरलं. शेवरी त्यातला मूठभर कोद्रा घेऊन वर गेली. खाली माणसं चुलीवर मडकी ठेवून, वर डोळे लावून बसली.

तिनं रांधलं, खाल्लं. दुपारी तिचे हात कापायला लागले. खालच्या झोपड्या हलायला लागल्या. तिनं ओळखलं, की धान्य मातलेलं आहे. आता तिनं फक्त बसून राहायचं होतं.

पण या खेपेला मद कानात शिरला. तिला म्हाळीची हाक आली. "शेवरे, ये गं! पानं मांडलीत. तुझ्यासाठी थांबलोय सगळे." खाली म्हाळी तोंडातून शब्द काढत नव्हती हो. पण शेवरी उठली. तिचे पाय वाटेला लागले. खाली पोरं ओरडली, "आली! आली!" आणि कुणीतरी चूल फुंकायला लागलं.

अर्ध्या मनाला कळत होतं, की मी खाली पोचले की ही माणसं खातील, आणि पहिला घास म्हाळीच्या पोरांना भरवतील. अर्धं मन म्हणत होतं, जा गं, कधी नव्हे ते बोलावलंय. काय करावं बाईनं? ती मागं वळली. मोळीचा अंबाडीचा दोर घेतला, खैराच्या खोडाला स्वतःला कंबरेशी बांधलं, आणि बोटं चालली तोवर गाठींवर गाठी मारल्या. हाका थांबेनात. असं म्हणतात, की त्या दिवशी वारा पडला होता, आणि दिवस बुडेपर्यंत तिचं ओरडणं वस्तीत ऐकू येत होतं, "मला यायचंय गं, मला यायचंय!"

ती आली नाही. वस्तीनं चुली विझवल्या.

सकाळी म्हाळी निघाली, आणि जन्मात पहिल्यांदा तो धोंडा ओलांडून वर गेली. खैराला दोर होता. गाठी जशाच्या तशा होत्या. सुटलेल्या नाहीत, कापलेल्या नाहीत. शेवरी मात्र नव्हती. ना दरीत, ना रानात, कुठंच सापडली नाही. दगडावर दोन पानं वाढलेली होती. एकावरचं मातलेलं अर्धं खाल्लेलं. समोरच्यावर फटीतल्या कोद्र्याचा भात, हात न लावलेला. भोवती फटीफटींत पिकलेली कणसं वाऱ्यानं वाजत होती, अगदी कोरडी.

म्हाळी त्या समोरच्या पानावर बसली. एक घास घ्यायची, थांबायची, पलीकडे बघायची. रडत रडत पान संपवलं. दिवस कलेपर्यंत ती तिथंच बसून राहिली. तिला काही झालं नाही. मग ओटीत कणसं भरून ती आपल्या पायांनी खाली आली, आणि वस्तीत चुली पेटल्या.

त्या धान्यावर वस्ती तगली. तेव्हापासून आम्ही कोद्रा वर, वाऱ्याच्या तोंडावर पेरतो. चांगली माती सोडून दगडात काय पेरता, म्हणून बाहेरचे हसतात. हसोत बापडे.

त्या दगडावर दोन खळगे आहेत. उद्या उजेडात बघा. एकटं माणूस जेवलं तर एकच खळगा पडायला हवा. पण दोन्ही सारखेच खोल आहेत. नवा कोद्रा आला, की गावातली एक बाई वर जाते, दोन्ही खळग्यांत वाढते, आणि एकापाशी बसून सावकाश जेवते.

आणखी एक रीत आहे. आजारी असो, वाटसरू असो, रुसून कोपऱ्यात बसलेली सून असो, जेवण ठेवून आमच्याकडं कुणी निघून जात नाही. 'ठेवलंय' हा शब्द आम्ही जेवणाला लावतच नाही. वाढणारीनं समोर बसायचं, जेवणाऱ्याचं होईपर्यंत. तुम्ही मघाशी म्हणालात ना, 'आजी, तुम्ही जाऊन पडा, मी जेवून घेतो'? म्हणून ही गोष्ट सांगितली.

अजून उरलंय की पानात. खा सावकाश. मी बसलेय.