दोन सारखे माशीमार

एकदा एका शिष्याला वाद जिंकायची फार घाई झाली. गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतली आहे. तिथले लोक मराठीत कसे बोलले, असे विचारू नये. दृष्टांतात सर्वांना मराठी येते.

डोंगराच्या धारेवर गावसभा भरली होती. उजव्या उतारावरचे रान एका लाकूड-व्यापाऱ्याला तोडायचे होते. गावाचा नियम असा, की जो पक्षी दुसरीकडे नाही, त्याच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही. त्या रानात एक इवलासा माशीमार राहत असे. पाठ हिरवट, पोट पिवळट, पंखावर दोन फिकट पट्टे. दुर्दैवाने डाव्या रानातल्या माशीमाराचे वर्णनही शब्दशः हेच होते.

"अहो, एकच पक्षी आहे," व्यापारी म्हणाला. "रान तोडलं तर पलीकडे जाऊन बसेल. त्याला काय सामान हलवायचंय?"

सभा हसली. शिष्य उसळून उठला. "नाही! हा वेगळाच! चोच बघा, शेपूट बघा, डोळ्याभोवतीचं कडं बघा!" तो इकडून तिकडे धावत ओरडत राहिला. लोकांनी सारे पाहिले. सारे सारखेच निघाले. निकाल द्यायला गावप्रमुखाने काठी उचलली.

तेवढ्यात शिष्याचे वृद्ध गुरू उठले आणि त्यांनी पाण्याचा तुंबा त्याच्या तोंडाला लावला. "गुळणी धर. गिळू नकोस, थुंकू नकोस."

"घ्या! गुरुजींनीच तोंड बंद केलं!" व्यापारी खुशीत म्हणाला.

शिष्य गाल फुगवून उभा राहिला. बोलायला प्रतिपक्षच न उरल्याने व्यापारीही थांबला. मग उजव्या रानातून एक लांब, वर वर चढत जाणारी शीळ आली. डावीकडून टिर्र टिर्र, जणू कोणी वाळक्या शेंगा खुळखुळवत होते. पुन्हा शीळ. पुन्हा खुळखुळाट. शिष्याचे डोळे विस्फारले आणि तोंडातले पाणी कारंज्यासारखे व्यापाऱ्याच्या कोटावर उडाले.

"ऐकलंत? दोन आहेत! दोन!"

"ऐकलं रे बाबा, सगळ्यांनीच ऐकलं." गावप्रमुखाने काठी जमिनीवर आपटली. "रान राहील."

उतरताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू? मलाही ते सारखेच दिसायचे. इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

"तू सारखा बोलायचास, म्हणून ते सारखे दिसायचे," गुरू म्हणाले. "पिसांनी ते जुळे आहेत, गळ्याने परके. बिचारे रोज साक्ष द्यायला येत होते. वकिलालाच उसंत नव्हती."

यावर शिष्याला पुष्कळ बोलायचे होते. तो बोलला नाही.

सत्याची बाजू मांडणाऱ्याने अधूनमधून सत्यालाही बोलू द्यावे.