गिरजाबाईची काशाची वाटी

भाविकहो, त्या वर्षी पूर्णगिरी महाराज निंबदऱ्यास ओढ्याकाठच्या मठात राहत होते. काय ते दिवस! दिवेलागणीला मठाची घंटा वाजे आणि सारे गाव हातातले काम टाकून आरतीला येई. आरतीच्या आधी गिरजाबाई तेलीण महाराजांचे तळपाय काशाच्या वाटीने घाशी. ओढ्याकाठचा माका आणि ब्राह्मी तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवून ती तेल करी, आणि गावात कोणाला झोप नाही असे कळले की आपण होऊन त्याच्याही पायाला लावून येई. माझी आत्या म्हणे, नुसता त्या तेलाचा वास आला तरी जांभई येई. आता ती वाटी घरोघर काचेच्या कपाटात जाऊन बसली आहे आणि आपण कुशी बदलत पडलो आहोत.

गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री मात्र या वाटीवर फार चिडत. माणूस विद्वान, हाताला गुणही होता, पण जिभेला लगाम नव्हता. एकदा भर मठात ते गिरजाबाईला म्हणाले, "घाण्याच्या बैलाला लाव हे तेल. माणसांचं आम्ही बघतो." लोक हसले. ती बिचारी खाली मान घालून वाटी पुसत राहिली.

खरी गोष्ट अशी, की पंधरा दिवस शास्त्रीबुवांचाच डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुधात जायफळ उगाळून झाले, पिंपळमूळ घेऊन झाले, गुण कशाचाच येईना. वैद्यालाच झोप नाही हे कळले तर गावात अब्रू जाईल, म्हणून ते कोणाजवळ बोलतही नव्हते.

अशातच गिरजाबाईची सून अनसूया तापाने फणफणली. गिरजाबाई अपमान गिळून शास्त्रीबुवांकडे गेली आणि त्यांनी पुडी बांधून दिली. निंबदऱ्याची रीत अशी, की औषध आधी महाराजांच्या पायाशी ठेवायचे आणि मग रोग्याला द्यायचे. तिने पुडी ठेवली. महाराजांनी ती उचलली, उघडली आणि सगळी स्वतःच्या तोंडात टाकली! महाराजांनी तिच्या हातावर अंगारा ठेवला आणि सांगितले, की हा सुनेला लाव आणि वाटी घेऊन लगेच परत ये.

ती गेली तोच शास्त्रीबुवा अनवाणी धावत आले. पुडी बांधताना त्यांचा हात सुंठीऐवजी बचनागाच्या बरणीत गेला होता, आणि बचनाग म्हणजे जहाल विष. पुडी कुठे आहे, एवढेही त्यांना धड विचारवेना.

"आमच्या पोटात," महाराज म्हणाले. "सुंठ जरा झणझणीत होती, शास्त्रीबुवा."

महाराजांचे ओठ निळे पडले होते. पाहता पाहता तो निळेपणा ओसरला. धन्य ती माउली! इतक्यात गिरजाबाई वाटी घेऊन आली आणि सुनेला घाम सुटून ताप उतरल्याचे तिने सांगितले. शास्त्रीबुवा महाराजांपुढे बसले आणि चुकलेल्या पुडीपासून न आलेल्या झोपेपर्यंत सगळे बोलून गेले.

महाराजांनी विचारले, "अंथरुणावर पडलात की मनात काय येतं?"

"कोण माझ्यापुढे जाईल, माझं काय चुकेल, कोण मला हसेल. हेच."

"मग जायफळाचा काय दोष? औषध झोपेला दारापर्यंत आणतं. कडी तुम्ही आतून घातली आहे." मग महाराज गिरजाबाईकडे वळले. "गिरजे, यांचे पाय घे."

तिचा हात थबकला. याच माणसाची पुडी तिने आपल्या हाताने सुनेला दिली असती. शास्त्रीबुवांनीही शरमेने पाय आखडून घेतले. ती क्षणभर उभी राहिली, मग खाली बसली.

"सून वाचली माझी," ती म्हणाली. "आता तुमी निजा."

तिन्हीसांज झाली होती. त्या वेळी निजू नये म्हणतात, पण महाराजांनी पुजाऱ्याला खूण केली आणि मठाची घंटा त्या दिवशी प्रथमच वाजली नाही. गावाने हलक्या आवाजात आरती म्हटली. ती संपायच्या आत शास्त्रीबुवा घोरू लागले होते.

पहाटे त्यांना जाग आली ती लहानपणी येई तशी, अंग हलके होऊन. ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि बोटाने दाखवले. रात्रभर वाटी फिरवून थकलेली गिरजाबाई खांबाला टेकून झोपली होती. वाटी मांडीवर तशीच होती. शास्त्रीबुवांनी तिच्या पावलांपाशी जमिनीला कपाळ टेकले आणि बराच वेळ उचलले नाही.

तेवढ्यात पुजारी काकडआरतीसाठी घंटेपाशी आला. शास्त्रीबुवा लगबगीने उठले आणि त्यांनी घंटेचा लोलक मुठीत धरला.

"थांबा जरा," ते हळूच म्हणाले. "त्यांची झोप होऊ द्या."